‘पर्सनलवर बोलू’ म्हणणाऱ्या आयटीतल्या जुन्या मंडळींना खुले पत्र

प्रति,
गोव्यातल्या, आणि गोव्याबाहेर जाऊनही गोव्याच्या आयटी ग्रुपांवर टिकून असलेल्या सर्व जाणत्या मंडळींना

सप्रेम नमस्कार.

मागणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकते. ग्रुपवर कुणी नोकरीबद्दल काही विचारलं, तर उत्तर ग्रुपवरच द्या. ‘डीएम केलाय’ (म्हणजे खाजगी मेसेज), ‘पर्सनलवर बोलू’, ‘कॉल कर, सांगतो’ हे बंद करा. एवढ्याशा गोष्टीसाठी खुलं पत्र कशाला, असं काहींना वाटेल. पण एकेकाला गाठून हेच खाजगीत सांगत बसले असते, तर मीही तुमच्यातलीच झाले असते.

मी साखळीची. शिक्षण फर्मागुढीला, पहिली नोकरी पुण्यात हिंजवडीला. लॉकडाऊनमध्ये घरी आले ती परत गेलेच नाही. बंगळूरच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम घरच्या माडीवर बसून करते. माझ्यासारखे आता डिचोलीत आहेत, फोंड्यात आहेत, पेडण्यात, काणकोणात आहेत. पाटो, पर्वरी, वेर्ण्याच्या ऑफिसांत रोज जाणारेही आहेत. आयटी पार्क कुठे व्हावं, होऊ नये, कुणाच्या जमिनीवर व्हावं यावर या राज्यात दोना पावलाच्या प्रकरणापासून भांडणं चालू आहेत. ती चालोत. तोवर आपला उद्योग लोकांच्या माड्यांवर आणि पडव्यांवर जाऊन बसलाय, आणि त्याला एकत्र ठेवणारी जागा म्हणजे हे ग्रुप.

हिंजवडीत मला कामाचं शिक्षण मॅनेजरने दिलं, नोकरीचं शिक्षण गेटबाहेरच्या चहाच्या टपरीने. तिथे मी काही विचारत नसे. नुसती उभी असायची. कुणाला किती हाइक मिळाली, कोण तीन महिने प्रोजेक्टविना बेंचवर आहे, राजीनामा टाकल्यावर कुठला मॅनेजर गोड बोलून लटकवतो, कुठल्या प्रोजेक्टवर गेलं की शनिवार-रविवार विसरायचा, हे सगळं कानावर पडायचं. नव्या माणसाला अर्ध्या गोष्टी विचारताच येत नाहीत, कारण त्या विचारायच्या असतात हेच त्याला ठाऊक नसतं. तो ऐकून शिकतो. साखळीच्या माडीवर टपरी नाही. ग्रुप ही टपरी होऊ शकते, आणि नेमकं बोलणं सुरू झालं की तुम्ही विचारणाऱ्याला कोपऱ्यात घेऊन जाता. बाकी सगळे चहाचे रिकामे ग्लास घेऊन उभे.

तुम्ही मदत करत नाही असं मी मुळीच म्हणत नाही. तुमच्यातल्या एकाने जर्मनीतून रात्री फोन करून एका पोराचा बायोडाटा ओळ न ओळ नीट करून दिलेला मला माहीत आहे. दुसऱ्या एका ताईंनी मडगावच्या तिघा-चौघांना मुलाखतीची तयारी करून घेतली. मला बोलायचंय ते ही मदत कुणापर्यंत पोचते त्याबद्दल. पर्सनलवर कोण येतो? ज्याचा चुलतभाऊ तुमच्या बॅचला होता तो. जो तुमच्याच कॉलेजचा आहे तो. ज्याला ‘सर, एक मिनिट वेळ आहे का’ असं अनोळखी माणसाला लिहायची सवय आहे तो. वाळपईच्या पलीकडल्या गावातला, घरात पहिल्यांदाच कुणी कंपनीत लागतोय असा मुलगा ‘डीएम मी’ वाचतो आणि गप्प बसतो. तो मेसेज आपल्यासाठी नाही, असंच त्याला वाटतं.

मुलींचं तर आणखीच वेगळं. ओळख ना पाळख अशा पुरुषाला रात्री आपल्या नंबरवरून मेसेज टाकायचा, मग त्याने आपला प्रोफाइल फोटो बघायचा, पुढल्या आठवड्यात ‘जेवलीस का’ सुरू व्हायचं. तुमच्यातले नव्याण्णव जण सज्जन असतील. पण शंभरावा कोण ते मुलीला आधी कसं कळणार? म्हणून ती विचारतच नाही. ग्रुपात मुली इतक्या कमी का बोलतात, असं मध्यंतरी एका ॲडमिननी मोठ्या काळजीने विचारलं होतं. त्या विचारण्याखालीही पहिलं उत्तर ‘डीएम केलाय’ असंच आलं, काय बोलणार!

आणि आपल्याला उघड बोलता येत नाही असंही नाही. कोकणी-मराठी किंवा रोमी-देवनागरीचा विषय निघू दे, पहाटेपर्यंत मेसेज पडत राहतात. नारायण मूर्तींनी २०२३च्या ऑक्टोबरात आठवड्याला सत्तर तास काम करा म्हटलं, २०२५च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांचं नव्वद तासांचं बोलणं बाहेर आलं, तेव्हा ग्रुपवर दिवसभर विनोदांचा पाऊस. मीही हसले. पण त्या गदारोळात एकानेही आपण स्वतः किती तास काम करतो ते लिहिलं नाही. दिल्लीवाला आसगावात घर किती भाड्याला मिळेल विचारतो, त्याला चारचौघांत धडाधड आकडे मिळतात, वर ब्रोकरचा नंबर. आपलीच पोर विचारते, नोटिस पिरियड नव्वद दिवसांचा आहे, सही करू का, तर सगळ्यांचं मौनव्रत.

खरं तर उघड लिहिण्यात गोवेकर एकेकाळी देशाच्या पुढे होते. हर्मन कार्नेरो या तरुणाने १९९४ साली गोवानेट नावाचा ई-मेल ग्रुप सुरू केला, आणि जगभर विखुरलेले गोंयकार त्यावर भांडू-बोलू लागले. विदेश संचार निगमने भारतात सामान्य माणसाला इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ला. म्हणजे पणजीत घरी कनेक्शन घेता येण्याआधीच आपल्या गावगप्पा नेटवर पोचल्या होत्या. पुढे याहू ग्रुप आले, ऑर्कुट आलं. ऑर्कुट २०१४च्या सप्टेंबरात बंद झालं, याहू ग्रुप २०२०च्या डिसेंबरात. तिथलं लिहिलेलं बहुतेक सगळं गेलं. आता आपण व्हॉट्सॲपवर आहोत, जिथे नवा आलेल्याला जुनी चर्चा आपोआप सापडत नाही. काहीजण स्लॅक या ऑफिसांच्या चॅट ॲपवर आहेत, तिथल्या फुकटच्या खात्यात २०२२पासून नव्वद दिवसांपूर्वीचं दिसत नाही. आधीच इतकं विसरभोळं घर, त्यात पुन्हा बोलणं बंद खोलीत.

तुम्ही-आम्ही कामाला लागलो ते कुणाच्या जिवावर, आठवून बघा. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची साइट २००८ला सुरू झाली. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणी तरी आपली अडचण लिहिली, तिसऱ्याच देशातल्या कुणी तरी तिचं उत्तर दिलं, आणि त्यावर हिंजवडीतल्या पोरांनी रात्री दोनला अडकलेलं काम सोडवून तिकीट बंद केलं. विचारणारा आणि सांगणारा, दोघांनाही आपण कुठे ओळखत होतो? तिथली माणसं काही फार प्रेमळ नव्हती. नवख्याचा प्रश्न ‘आधीच विचारलेला आहे’ असा शिक्का मारून बंद करायची, कधी अपमान करायची. पण उत्तर सगळ्यांसमोर पडून राहायचं, ते चुकलं तर खाली दुसरा येऊन दुरुस्त करायचा. पर्सनलवर दिलेलं उत्तर चुकलं तर कोण दुरुस्त करणार? तुमच्यातल्या एका फार अनुभवी माणसाने एका मुलाला, मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायच्या कराराबद्दल, ‘बाँड-बिंड काही नसतं, बिनधास्त सोड’ असं खाजगीत सांगितल्याचं मला मागाहून कळलं. ते अर्धंच खरं होतं. ग्रुपवर लिहिलं असतं तर कुणी तरी लगेच टोकलं असतं.

म्हणून तो बाँडचा विषय इथेच मांडते. १८७२च्या करार कायद्याच्या कलम २७प्रमाणे, नोकरी सोडल्यावर अमुक ठिकाणी काम करायचं नाही अशी अट साधारणपणे टिकत नाही. पण नोकरीत असताना ठरावीक मुदत काढायची, नाही तर पैसे भरायचे, ही गोष्ट निराळी. सर्वोच्च न्यायालयाने २०२५च्या मे महिन्यात एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं किंवा दोन लाख रुपये ही अट उचलून धरली. सरकारी बँकेला भरतीसाठी जाहिरात, परीक्षा असा मोठा खर्च करावा लागतो, हेही न्यायालयाने लक्षात घेतलं होतं. पर्वरीच्या एखाद्या खोलीतल्या कंपनीने कसलंही ट्रेनिंग न देता तेवढाच आकडा लिहिला, तर तो तसाच टिकेल असं नाही. पण ‘काही नसतं’ असंही नाही. सही करण्याआधी विचारायचं ते हे: ट्रेनिंग कसलं देणार, किती दिवस, रक्कम दर महिन्याला कमी होत जाते का? आणि मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले तर देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा, परत आणा.

पीएफचंही तसंच. पगारातून बारा टक्के कापले म्हणजे ते भरले असं होत नाही. आपल्या यूएएनने, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाने, पासबुक उघडायचं आणि महिन्याची नोंद पडली का बघायचं, पाच मिनिटांचं काम. ‘ट्रेनी’ म्हणून वर्षभर स्टायपेंडवर ठेवलं तर बहुतेकदा पीएफ भरत नाहीत, अनुभवाचं पत्र मिळेल की नाही तेही नक्की नाही. हे पहिल्या दिवशी विचारायचं असतं, शेवटच्या नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिला तरी राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. आजवर आपण सगळ्यांनी ‘फुल अँड फायनल’साठी महिना-दीड महिना मेल टाकत काढलाय. आता तुमच्या कंपनीत काय होतं? दोन दिवसांत मिळतात की पूर्वीसारखंच? वर्तमानपत्रातून हे कळणार नाही, तुमच्याकडूनच कळेल.

आणखी एक, लहान ऑफिसांतल्या मुलींसाठी. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायलाच हवी, असं २०१३चा कायदा सांगतो. आमच्याकडे आठच जण आहेत म्हणून समिती नाही, असं म्हटल्याने विषय संपत नाही. अशांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिथे जाता येतं.

आता तुमची अडचण, जी खरी आहे. गोवा केवढा? ज्या कंपनीबद्दल लिहाल तिच्या मालकाचा मेहुणा ग्रुपात निघतो. एचआरची बाई आपल्या मावशीच्या वाड्यावरची असते. उद्या त्याच माणसाकडे मुलाखतीला बसायची पाळी येते. वर बदनामीची भीती. खरी गोष्ट लोकहितासाठी सांगितली तर ती बदनामी नव्हे, असा अपवाद कायद्यातच आहे, पण कोर्टाची पायरी चढून ते सिद्ध करत बसायला वेळ कुणाला? पुण्या-बंगळूरच्या गर्दीत माणूस हरवून जातो, तिथे बोलणं सोपं. इथे शिंकलं तरी शेजारच्या तालुक्यात ऐकू जातं. मला हे कळतं, कारण मीही इथेच राहते.

पण जरा बघा, आपण घाबरतो ते शिवीला, माहितीला नव्हे. ‘फडतूस कंपनी आहे, जाऊ नको’ हे लिहायला कुणीच धजावणार नाही, आणि धजावू नये. त्यातून विचारणाऱ्या मुलीला कळतं तरी काय? त्याऐवजी ‘मी तिथे दोन वर्षं होते, पगार महिन्याच्या दहा तारखेच्या आधी कधी आला नाही, पीएफ नियमित भरला जायचा, शिफ्ट दुपारी दोनची, रात्री घरी सोडायला गाडी नव्हती’ असं लिहिलं, तर मालकाचा मेहुणाही काय बोलणार? त्यात चांगलंही आलं, वाईटही आलं. विशेषणं गाळायची, तारखा आणि अटी लिहायच्या. स्वतःच्या नावाने नको असेल तर ॲडमिनला द्या, ॲडमिनने नाव न सांगता टाकावं. एवढं काम ॲडमिननी करायलाच हवं, नुसते ‘गुड मॉर्निंग’चे फोटो काढून टाकण्यापुरतं पद आहे का ते?

ती रात्रीच्या गाडीची गोष्ट मी मुद्दाम लिहिली. अमेरिकेच्या वेळेवर चालणारं काम पणजीत किंवा वेर्ण्याला सुटतं तेव्हा आतल्या गावांकडे जायला बस नसते. मुलगे पावसात दुचाकी मारत जातात. मुलीच्या घरचे म्हणतात, नको ती नोकरी. मग ती नोकरी पणजीत खोली घेऊन राहू शकणाऱ्या मुलीला मिळते. ऑफर लेटरवर पगार असतो, पद असतं, पण रात्री अकराला तुम्ही घरी कशा जाणार ते नसतं. ते फक्त तिथे काम केलेल्यांना माहीत. तसंच चतुर्थीचं. बंगळूरच्या कंपनीच्या यादीत गणेश चतुर्थीला एक दिवस सुट्टी. इकडे गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधण्यापासून विसर्जनापर्यंत माणूस घरात हवा. कोण कुठल्या मॅनेजरकडून ती रजा कशी मिळवतो, आणि कोण जूनमध्ये वीज गेली की हॉटस्पॉटवर मीटिंग कशी निभावतो, हे सगळं ज्ञानच आहे. आपल्याच लोकांचं, आणि बाहेर कुठेही न लिहिलेलं.

हल्ली तुमच्यातले काही म्हणतात, पोरं आता एआयला विचारतात, ग्रुपवर विचारायचं कारणच उरलं नाही. कोडबद्दल हे बरंचसं खरं आहे. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ला आलं आणि त्यानंतर स्टॅक ओव्हरफ्लोवर नवे प्रश्न येणं झपाट्याने घटलं. मी स्वतः टेस्टच्या स्क्रिप्ट त्याच्याकडून लिहून घेते. पण ते हुशार झालं कशाच्या जोरावर? लोकांनी वर्षानुवर्षं उघड्यावर लिहून ठेवलेल्यावरच ना? गोव्यातल्या नोकरीबद्दल त्याला विचारून बघा. ‘कंपनीच्या धोरणाचा काळजीपूर्वक अभ्यास करा, वरिष्ठांशी मोकळेपणाने बोला’ असलं गुळगुळीत काही तरी सांगेल. त्याला दोष देऊन उपयोग नाही. वाचायला आपण काही ठेवलंच नाही, तर ते सांगणार कुठून? आपलं सगळं तुमच्या फोनमधल्या खाजगी बोलण्यात बंद आहे.

आणि आताचा काळही असा की गप्प बसणं नव्यांना महागात पडतंय. टीसीएसने २०२५च्या जुलैत बारा हजारांवर माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं. फ्रेशरचा पगार मी लागले तेव्हाही वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास होता, आज माझा भाचा मुलाखती देतोय तर त्यालाही तोच आकडा ऐकवतात. साखळीत नारळाचा भाव तरी बदलला. कर्नाटकात आयटीवाल्यांची युनियन २०१७पासून आहे. २०२४मध्ये दिवसाच्या कामाची मर्यादा चौदा तासांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा ती रस्त्यावर उतरली. आपल्याकडे युनियन काढा असं मी आज म्हणत नाही. तुमच्यातले निम्मे त्या शब्दानेच ग्रुप सोडतील. मी म्हणते, आधी आपला नोटिस पिरियड किती ते एकमेकांसमोर सांगण्याइतका तरी धीर करू या.

पगार सांगायची लाज वाटते, हेही मला कळतं. जास्त असेल तर नजर लागेल, कमी असेल तर हसतील. आकडा नका सांगू. पदाचा पल्ला सांगा: इतक्या वर्षांच्या अनुभवाला अमुक ते अमुक मिळतं. ज्याला वाटाघाटीला बसायचंय त्याला तेवढं पुरतं.

मी सुरुवात करते. बाकीच्यांनी याच्याच खाली लिहावं, वेगळीकडे नको.

काम: टेस्टिंग, ऑटोमेशनसकट. कंपनी बंगळूरची, मध्यम आकाराची, नाव विचारू नका. नोटिस पिरियड साठ दिवस, पण वाटाघाटीने पंचेचाळीसवर येतो, आमच्या टीममधल्या दोघांना तसं मिळालं. कामाची वेळ दुपारी एक ते रात्री दहा, रिलीजच्या, म्हणजे नवी आवृत्ती सोडायच्या आठवड्यात बारा वाजतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत, बदली सुट्टी मागितली तर मिळते, मागावी लागते. पीएफ वेळेवर पडतो. इंटरनेटचे पैसे कंपनी देते, इन्व्हर्टरचे देत नाही, दोनदा मागून झाले. घरून काम करणाऱ्यांना बढती ऑफिसवाल्यांपेक्षा उशिरा मिळते, हे कागदावर कुठे नाही, पण माझ्याबरोबर लागलेले तिघे बंगळूरला बसून आज माझ्या वर आहेत. चतुर्थीला तीन दिवस मिळतात, अट एवढीच की जुलै संपायच्या आत अर्ज टाकायचा आणि त्या आठवड्यात रिलीज नसावा. पाच ते आठ वर्षांच्या अनुभवाला या कामाचे नऊ ते पंधरा लाख देतात, मी त्याच्या मधे कुठे तरी आहे. मॅनेजर बरा आहे. त्याच्या आधीच्याबद्दल काही लिहीत नाही, कारण त्यात नुसती विशेषणंच येतील.

आपली,
साखळीची एक टेस्टर